वंदनाच्या शेजारची खाट

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, असं म्हणतात. खोटं आहे. मी चांगली पिवळीधमक झाले होते आणि मला भिंत पांढरी, दूध पांढरं आणि नर्सची टोपीही पांढरीच दिसत होती. जे खरं होतं ते मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. या दुखण्यात काही वाटत नाही. भीती नाही, रडू नाही, देवाची आठवणसुद्धा नाही. निदान मला तरी काही वाटलं नाही. आज कुणी असंच खाटेवर पडलं असेल आणि आपलं मन दगडाचं कसं झालं म्हणून घाबरलं असेल, तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील.

*

मी कादंबऱ्या लिहिते. म्हणजे नागपूरच्या एका ख्रिस्ती मासिकात दर महिन्याला एक प्रकरण, आणि वर्षादोन वर्षांनी त्याचं एखादं पातळसं पुस्तक. ते आमच्या मंडळीतल्या बायका वाचतात, पाळकसाहेब त्यातले उतारे उपदेशात घेतात, आणि आमचे हे अजिबात वाचत नाहीत. हे म्हणजे सॅम्युअल, रोलिंग मिलच्या ऑफिसात आहेत. लग्न होऊन मी अमरावतीहून भिलाईला आले तेव्हापासून आम्ही सेक्टरातल्या त्याच क्वार्टरमध्ये राहतो. मुलगा जबलपूरला शिकायला गेला आणि मला सकाळ मोकळी मिळाली.

माझ्या प्रत्येक कादंबरीत एक आजारपण असतं. ते नसलं तर वाचकांना चुकल्यासारखं होतं. आजारी माणूस शेवटच्या दोन पानांत उशीला टेकून बसतं, सगळ्यांना क्षमा करतं, एक वाक्य बोलतं आणि जातं. ते वाक्य जमलं की प्रकरण जमलं. मी ती वाक्यं आठ-आठ दिवस घोळवत असे. मला वाटायचं, मरणाबद्दल आपल्याला बऱ्यापैकी कळतं.

काविळीची साथ आली तेव्हा सुरुवातीचे दिवस माझ्या लिखाणाला मानवले, हे आधी कबूल करते. पाण्यातून आली आहे, एवढंच सगळे सांगत होते. शाळा बंद झाल्या. सुपेल्याच्या बाजारात उसाच्या रसाचे चरक झाकून ठेवले. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या प्याल्यावरून वाद झाला. एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे की नाही? एक जुने पंच म्हणाले, प्रभूच्या प्याल्यातून कधी कावीळ होत नसते. पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी औषधाच्या बाटलीची इवली इवली टोपणं ताटात मांडून आणली. स्त्री-मंडळाच्या सभा बंद, कुणाकडे जाणं नाही, कुणी येणं नाही. सकाळी प्लांटचा भोंगा झाला आणि हे सायकलवर निघाले की मी सिगडीवर पाण्याचं भांडं चढवायची आणि शेजारी टेबलावर कागद घेऊन बसायची. पाणी उकळून निवेपर्यंत माझं एक पान होत असे. साथीत माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

*

निदानाच्या दिवशी मी नायिकेला मारत होते. दोन दिवसांपासून अंगात कसकस होती, अन्नाचा वास नको वाटत होता, पण तो प्रकरणाचा ताण असेल असं मी ठरवलं होतं. हे दुपारी जेवायला घरी आले. ताट वाढताना यांनी मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं.

"तुझे डोळे पिवळे दिसून राहिले," हे म्हणाले. "इकडे उजेडात पाहा जरा."

आरशात पाहिलं. डोळे हळदीत बुडवल्यासारखे होते. मी एवढं पाणी उकळलं होतं आणि तरी मलाच. यांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, मग दवाखान्यात जाऊ. आणि खरंच मी यांना जेवायला वाढलं, आमटीत मीठ आहे का विचारलं. माझ्या नायिकेला निदान कळतं तेव्हा तिच्या हातून दिवा पडतो. माझ्या हातून काही पडलं नाही.

डॉक्टर तरुण होते आणि थकलेले होते. त्यांनी पापणी ओढून पाहिली, पोट दाबलं आणि भरती व्हा म्हणाले. घाबरायचं नाही, बहुतेक माणसं यातून उठतात, असंही हिंदीत म्हणाले. मी घाबरलेच नव्हते. तिथून इस्पितळात जाताना ऑटोत हे माझा हात धरून बसले होते. लग्नाच्या इतक्या वर्षांत रस्त्यावर यांनी माझा हात कधी धरला नव्हता. तेव्हाही मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

*

वॉर्ड लांबट होता आणि सगळ्या खाटा काविळीच्या. संसर्गाचा वॉर्ड म्हणून नातेवाइकांना बाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीपर्यंतच येऊ देत. सकाळी केरळच्या सिस्टर थर्मामीटर घेऊन येत. मग ग्लुकोजचं पाणी, मग बिनतेलाची डाळ आणि भात, मग झोप. संध्याकाळी खिडकीशी माणसांची रांग लागे आणि सगळे एकदम मोठ्याने बोलत. रांग गेली की पुन्हा झोप.

मी प्रार्थना करून पाहिली. शब्द पाठ होते, ते आले. पण रिकाम्या घराची कडी वाजवल्यासारखं झालं. मग मी तेही सोडून दिलं. नायिकेचं वाक्य अर्धवट राहिलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. तिचं नावही पटकन आठवेना. मला कोणी विचारलं असतं की तुला बरं व्हायचं आहे का, तर मी म्हटलं असतं, चालेल.

याच दिवसांत यांनी एक धाडस केलं. कुम्हारीला एक वैदू काविळीची माळ देतो, ती गळ्यात घातली की कावीळ जसजशी उतरते तसतशी माळ लांब होते, असं मिलमधल्या लोकांनी यांना सांगितलं. हे मंडळीचे पंच, खजिनदार. असल्या गोष्टींवर यांनीच सभेत चार वेळा बोट उगारलेलं. तरी बस पकडून कुम्हारीला गेले आणि ती काड्याकाड्यांची माळ रुमालात बांधून खिडकीतून आत दिली. मी ती पदराखाली घातली. वाद घालायलाही त्राण लागतं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब खास परवानगी काढून आत आले, डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, आणि आमेन म्हणून डोळे उघडले तर माळ गळ्याशी बाहेर आलेली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून पदराखाली सारली आणि पुढच्या खाटेकडे वळले. या माणसाबद्दल माझं मत तेव्हापासून फार चांगलं आहे.

*

पुढची खाट वंदनाची होती. आमच्या मंडळीतली पोर. तिची आई लीलाताई संडेस्कूल घेतात आणि चर्चमध्ये पेटी वाजवतात. वडील पूर्वीच गेले. वंदनाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तिला सहावा महिना होता. काविळीत गरोदर बाईची फार काळजी घ्यावी लागते, म्हणून डॉक्टर तिच्याकडे दिवसातून अनेकदा येत. तिला ते आवडत नसे.

तिला काहीच आवडत नसे. आम्ही बाकीच्या बायका गप्प पडून असायचो आणि ही एकटी वैतागून असायची. डाळ आली की म्हणे, हे नालीचं पाणी मी नाही पिऊन राहिले. सिस्टरला हिंदीत उलटून बोले आणि मग तिचाच हात धरून माफी मागे. नवऱ्याशी खिडकीतून बाळाच्या नावावरून भांडे. त्याला बायबलमधलं नाव हवं होतं आणि हिला सिनेमातलं. झोपली की घोरे. मी तिच्याकडे तासन् तास पाहत पडलेली असे, कारण त्या वॉर्डात जिवंत असं तेवढंच काही घडत होतं.

एकदा माझ्याकडे कुशीवर वळून म्हणाली, "काकू, तुमच्या गोष्टीतल्या बाया आजारी पडल्या का एवढ्या चांगल्या काहून होतात? मले तर सगळ्यांचा राग येऊन राहिला."

मी म्हटलं, मला माहीत नाही. लिहायला लागल्यापासून प्रथमच कुणी मला हा प्रश्न विचारला होता, आणि माझं उत्तरही प्रथमच खरं होतं.

मग एका दुपारी ती जरा गुंगीत होती. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. तिने डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "काकू, इथून सुटली का मी पयले सिविक सेंटरले जाईन. तो गुपचुपवाला उभा असतो न. त्याले म्हणीन, भैया, मिर्ची जादा." पाणीपुरीला आमच्याकडे गुपचुप म्हणतात. मग जरा थांबून म्हणाली, "आन आईले सांगू नका."

मी बरं म्हटलं. ती झोपली. ती झोप नव्हती, हे सिस्टरला आधी कळलं. खाटेभोवती पडदा ओढला, माणसं धावली, बाळ गेल्याचं कुणीतरी हळू आवाजात बोललं. दुसऱ्या दिवशी दुपारी वंदनाही गेली. मधल्या वेळात ती एक शब्दही बोलली नाही.

त्या वेळी मला काय वाटलं, ते लिहायलाच हवं, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मला काही वाटलं नाही. तिची चादर काढून नेली आणि पडदा बाजूला सारला तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की आता या बाजूने वारा येईल. वारा आला. मला झोप लागली.

*

तिच्या आठवणीची भक्ती झाली तेव्हा मी इस्पितळातच होते. हे डबा घेऊन आले आणि खिडकीतून सांगू लागले. चर्च भरलं होतं, औषधाची टोपणंही पुरली नाहीत. पाळकसाहेब छान बोलले. आणि वंदनाचे शेवटचे शब्द ऐकून तर म्हातारे लोकही रडले.

मी विचारलं, कोणते शब्द?

यांनी जुळवून जुळवून सांगितलं. ती म्हणाली म्हणे, "आई, रडू नकोस. मला न्यायला आले आहेत, आणि त्यांनी मला नावाने हाक मारली."

हे माझं काही वाचत नाहीत, म्हणून यांना ओळखू आलं नाही. ते वाक्य माझं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या कादंबरीतलं, सतराव्या प्रकरणाच्या शेवटचं. ते मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून, तीन वेळा खोडून लिहिलं होतं. त्या वेळी मी त्यावर इतकी खूश होते की उठून स्वतःसाठी शिरा केला होता.

हे कसं झालं याचा मी नंतर शोध घेतला, पण कुणा एकाचं नाव हाती लागलं नाही. कुणी खोटं बोललं नव्हतं. मातीहून परतल्यावर बायका एकत्र बसल्या. कुणाला ते प्रकरण आठवलं. कुणी म्हणालं, आपली वंदनाही तशीच गेली असेल. तिच्या शेजारी सुलभाबाई होत्याच, म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी 'असेल' गळून पडलं. माणूस कसं मरतं हे त्यांना मीच इतकी वर्षं शिकवत आले होते, आणि त्या शिकल्या होत्या.

हे खिडकीतून विचारत होते, तू ऐकलं न ते? मी डोळे मिटून घेतले. दमली असेल म्हणून हे निघून गेले.

*

घरी आले तेव्हा माळ नाभीपर्यंत आली होती. ती मी कपाटात ठेवली. अंगात काही नव्हतं, पण डोळे निवळले होते. हे सुपेल्याहून ऊस आणून, उकळलेल्या पाण्याने धुऊन त्याचे करवे करून देत आणि मी ते चघळत पडून असे. चहा यांनीच करायला शिकून घेतला. फार वाईट करत. टेबलावर अर्धवट प्रकरण तसंच होतं. मासिकाकडून विचारणा आली, मी उत्तर दिलं नाही.

मग पाळकसाहेब आले. आमच्यात रिवाज आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाने रविवारी मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची, प्रभूने आपल्याला कसं वाचवलं ते सांगायचं. त्यांनी विचारलं, येता रविवार जमेल का? आणि वंदनाविषयीही दोन शब्द बोला, तुम्ही प्रत्यक्ष ऐकलं आहे, लीलाताईंना धीर येईल.

मी हो म्हटलं. विचार करूनच म्हटलं. लीलाताई पहिल्या बाकावर बसणार. त्यांच्या पोरीचे शेवटचे शब्द साऱ्या मंडळीला पाठ झालेले. ते वाक्य आता त्यांच्याजवळ उरलेलं एकुलतं एक धन, आणि मी उभी राहून म्हणू की ते माझं आहे, परत द्या? त्याच्या जागी काय देऊ? गुपचुप? मी ठरवलं, ते वाक्य मीही म्हणेन. आवाज कापला तर आजारपणामुळे कापला असं लोक समजतील. आपल्याला काही वाटत नाही याचा तेव्हा मला उपयोगच वाटला.

*

शनिवारी दुपारी लीलाताई आल्या. हे मिलमध्ये होते. त्या फार वाळल्या होत्या. आमच्यातला नेहमीचा सलाम म्हणाल्या, डब्यातून आणलेली मऊ खिचडी ताटलीत काढून माझ्यापुढे ठेवली आणि मी दोन घास खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "वहिनी, ते तुमचं वाक्य आहे. सतराव्या प्रकरणातलं. मीच वाचून दाखवलं होतं स्त्री-मंडळात."

माझा घास हातातच राहिला.

"चर्चमधे ऐकलं तवाच ओळखलं मी. काही बोलली नाही. लोक प्रेमानं सांगून राहिले होते." त्यांनी पदर हातात घेतला. "पण माझी पोरगी अशी नव्हती. तिनं मले कधी रडू नको म्हटलं नाही. तुम्ही होत्या बाजूले. मले तिचं तिचं सांगा."

मी म्हटलं, लीलाताई, तुम्हाला त्रास होईल. त्या म्हणाल्या, आणखी काय व्हायचं राहिलं आहे?

मग मी सांगितलं. सिविक सेंटर, गुपचुपवाला, मिर्ची जादा. तिथे थांबले. मग तेही सांगितलं, की आईला सांगू नका म्हणाली.

लीलाताईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांनी वंदनाला दिवस गेल्यापासून बाहेरचं खायला बंदी केली होती, साथ आल्यावर तर शपथ घातली होती, हे मला माहीत होतं. मला वाटलं, आता या उठून जातील आणि पुन्हा या घरात येणार नाहीत. मला भीती वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

त्या हसल्या. तोंडावर पदर धरून हसल्या. म्हणाल्या, "तिले वाटे मले समजत नाही. नाक पुसत पुसत घरात ये अन् म्हणे, सर्दी झाली."

मग त्या रडल्या. हातात खरकटी ताटली तशीच धरून मीही रडले. मला वंदनाचं रडू आलं, त्या न आलेल्या बाळाचं आलं, ऑटोत हात धरून बसलेल्या यांचं आलं. इतके दिवस कुठे अडलं होतं कोण जाणे, सगळं एकदम आलं. ज्यांना येत नसेल त्यांना एवढंच सांगते, ते ओढून आणता येत नाही.

लीलाताईंनी डोळे पुसले आणि विचारलं, आणखी काय म्हणे? मी आठवून आठवून सांगत गेले. नालीचं पाणी सांगितलं, सिस्टरशी भांडण सांगितलं, सिनेमातलं नाव सांगितलं, घोरणं सांगितलं. एकेक गोष्ट त्या मला दोनदा सांगायला लावत. हे घरी आले तेव्हा आम्ही दोघी तिथेच बसलेल्या होतो.

जाताना दारात म्हणाल्या, "उद्या हेच सांगा."

रविवारी मी उभी राहिले. अंगात अजून ताकद नव्हती म्हणून यांनी मागे खुर्ची ठेवली होती. मी सांगितलं की मी वाचले ते का वाचले आणि वंदना का गेली हे मला माहीत नाही. सांगितलं की दुखण्यात मला प्रार्थना आली नाही. आणि सांगितलं की ते वाक्य पुस्तकातलं आहे, वंदनाने सिविक सेंटरचं गुपचुप मागितलं होतं, मिर्ची जादा, आणि मग ती झोपली.

आमच्याकडे साक्ष संपली की सगळी मंडळी आमेन म्हणते. कुणी म्हणालं नाही. पाळकसाहेब पुस्तकाकडे पाहत राहिले. हे खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभे होते.

मग पहिल्या बाकावरून लीलाताई म्हणाल्या, "आमेन."